जुन्या स्पोर्ट्स कारमधील ऑइल कूलर : पार्श्वभूमी

साठच्या दशकातली एमजीबी किंवा तिच्यासारखी एखादी ब्रिटिश स्पोर्ट्स कार जपणाऱ्या पुण्यातील मंडळींमध्ये उन्हाळा जवळ आला की एक प्रश्न हमखास निघतो : गाडीला बाजारातला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे ऑइल वाऱ्यावर थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवावा का? खोपोलीहून बोरघाट चढून गाडी खंडाळ्याला टेकते, आयडलिंगला (उभ्या गाडीचे इंजिन मंद फिरत असताना) ऑइल प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा खाली आलेला दिसतो आणि मालकाच्या मनात शंका घर करते. याचे उत्तर ठरवण्याआधी हा सुटा भाग मुळात कशासाठी जन्माला आला, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तो घाटासाठी जन्माला आलेला नाही.

इंजिनातील ऑइल केवळ घर्षण कमी करत नाही, तर क्रँकशाफ्टची बेअरिंगे आणि पिस्टनचा खालचा भाग, म्हणजे जिथे रेडिएटरचे पाणी पोहोचतच नाही अशा जागांची उष्णताही तेच वाहून नेते. ही उष्णता चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या डब्याच्या, पत्र्यातून बाहेर पडते, पण इंजिन बराच वेळ जोरात चालले तर तेवढे पुरत नाही. ऑइल पातळ होते, बेअरिंगमधला त्याचा थर क्षीण होतो आणि शेवटी धातूला धातू भिडतो. सुरुवातीच्या काळात विमानांच्या आणि शर्यतींच्या इंजिनांत एरंडेल वापरले जाई, कारण तापल्यावरही ते इतर तेलांच्या मानाने दाट राहते; कॅस्ट्रॉल हे नावही १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. तेल दाट राखणे हा एक मार्ग होता आणि तेल थंड करणे हा दुसरा. दुसरा मार्ग आधी विमानांनी पक्का केला. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरच्या डाव्या पंखाखाली ऑइलसाठी स्वतंत्र कूलर होता. लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या गाड्यांनी तोच मार्ग धरला आणि तिथून तो रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपर्यंत आला.

रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज का पडली, याचे उत्तर मला रस्त्यातच दिसते. ब्रिटनमध्ये एम-१ हा मोटरवे नोव्हेंबर १९५९ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर १९६५ पर्यंत त्यावर वेगमर्यादाच नव्हती. तोवरच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर इंजिनाला मधूनमधून उसंत मिळे, मोटरवेवर ती मिळेनाशी झाली. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत १७९८ सीसीचे इंजिन होते, क्रँकशाफ्टला तीनच मुख्य बेअरिंगे होती आणि ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर) नसलेली गाडी ताशी ११२ किलोमीटरने चालवली की इंजिन सुमारे ३९०० आरपीएमवर तासन्‌तास फिरत राही. अशा वेळी पाण्याचा काटा जागचा हलत नाही, पण ऑइल मात्र हळूहळू तापत जाते. म्हणूनच निर्यातीच्या गाड्यांना कारखान्यातूनच ऑइल कूलर मिळे आणि ब्रिटनमधील ग्राहकाला तो जादा पैसे देऊन घ्यावा लागे. १९६४ मध्ये पाच मुख्य बेअरिंगांचे इंजिन आले आणि कूलर सर्वच एमजीबींवर आला. त्याच दशकात २०डब्ल्यू-५० ही मल्टिग्रेड, म्हणजे तापल्यावर कमी पातळ होणारी, ऑइले रूढ झाली आणि ऑइल पातळ होण्याची भीती काही अंशी ओसरली, पण उष्णता बाहेर टाकण्याचे काम ऑइलच्या दर्जाने होत नाही.

पोर्शे ९११ची वाट निराळी होती. तिचे इंजिन हवेने थंड होणारे असल्यामुळे ऑइल हेच तिचे अर्धे पाणी होते. इंजिनावरचा कूलर जोरदार ९११ एसला अपुरा पडू लागला, तेव्हा १९६९च्या मॉडेलपासून पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये दुसरा कूलर बसवण्यात आला.

पुण्याचा या कथेशी असलेला संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे. इथल्या जुन्या मेस्त्र्यांचे हात ज्या अँबॅसडरवर बसले, तिचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन एमजीबीच्याच बी-सिरीज घराण्यातले होते. एमजीबीच्या आधीच्या, १९५५च्या एमजीएमध्येही याच क्षमतेचे इंजिन होते. अँबॅसडरला ऑइल कूलर नव्हता आणि तिने तो कधी मागितलाही नाही, कारण तिचे इंजिन सौम्य होते आणि आपले रस्ते तिला सलग पळूच देत नव्हते. त्यामुळे ‘याच इंजिनाला कधी कूलर लागला नाही’ हे मेस्त्रीचे म्हणणे त्याच्या अनुभवापुरते अगदी खरे होते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि चित्र बदलले. एमजीबीला ताशी १०० किलोमीटरला सुमारे ३५०० आरपीएम, तेही वैशाखातल्या उन्हात. एम-१ने जी परिस्थिती निर्माण केली होती, ती चार दशकांनी आपल्या दारात आली.

घाटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे भार जास्त, वेग कमी आणि समोरून येणारा वारा जवळजवळ नाहीच. कूलर रेडिएटरच्या पुढे बसत असल्याने तो ऑइलची उष्णता ज्या हवेत सोडतो, तीच हवा मागे रेडिएटरवर जाते. रेडिएटर गाळाने भरलेला असेल तर अशा गाडीला नवा कूलर लावून पाण्याचा ताप वाढण्याचीच शक्यता अधिक. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आधी रेडिएटर साफ करावा, मग ऑइलच्या तापमानाचा गेज बसवावा (एमजीबीत प्रेशरचा गेज असतो, तापमानाचा नसतो) आणि एक्सप्रेसवेवरची नोंद पाहूनच कूलरचा विचार करावा. प्रेशरच्या काट्यावरून घाईने निदान करू नये. तापलेल्या इंजिनाचे आयडलिंगचे प्रेशर दर चौरस इंचाला १० ते २५ पौंडांवर येणे कंपनीच्या मॅन्युअललाच मान्य आहे.

प्रत्यक्ष जोडणीत एमजीबीने काम सोपे करून ठेवले आहे. ब्लॉकच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारे ऑइल एका धातूच्या नळीने फिल्टरकडे जाते. ती नळी काढून तिथे दोन होज लावायचे, एक ब्लॉकपासून कूलरकडे आणि दुसरा कूलरपासून फिल्टरकडे. आटे ब्रिटिश पाइप मापाचे असतात, त्यामुळे हाताला लागलेला निपल (होज जोडायचा आट्यांचा तुकडा) ‘जवळपास बसतो’ म्हणून आवळणे घातक ठरते. होज रेडिएटरच्या पुढच्या पत्र्यातून ज्या भोकांमधून जातात, तिथली ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रबरी कडी, शाबूत हवीत. पत्र्याच्या धारेवर घासून होज फाटला तर पंप सगळे ऑइल रस्त्यावर फेकतो आणि बेअरिंगे वाचवायला चालकाच्या हाती फारच थोडा वेळ उरतो. कूलरमध्ये मावणारे जादा ऑइल धरून पातळी पुन्हा भरावी आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढून, ऑइल प्रेशरचा काटा वर चढेपर्यंत इंजिन केवळ स्टार्टरवर फिरवावे.

मूळ एमजीबीत या मार्गावर थर्मोस्टॅट (तापमानानुसार उघडणारी झडप) नव्हता, सगळे ऑइल सदैव कूलरमधूनच फिरे. थर्मोस्टॅट असलेले जोड पुढे सुट्या भागांच्या बाजारात आले. साधारण ८० अंशांपर्यंत ते बहुतेक ऑइल कूलरला वगळून परत पाठवतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा कधीकधी १० अंशांखाली जातो आणि बरेच मालक गाडी रविवारी सकाळी तासाभरापुरतीच बाहेर काढतात. एवढ्यात ऑइल पुरते तापले नाही तर इंजिनात साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही आणि चेंबरमध्ये गाळ धरू लागतो. अशा वापराच्या गाडीला थर्मोस्टॅटशिवाय कूलर बसवू नये.