गुडघ्याचा पट्टा पॅन्टच्या नंबरावर मिळत नाही

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : नी-कॅप (गुडघ्याचा पट्टा), बेल्ट, क्रेप बँडेज, कुबड्या

"भाऊ, वडिलांसाठी गुडघ्याचा पट्टा द्या. पॅन्ट ३६ ची लागते त्यांना." आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज येणारी मागणी. कधी पॅन्टऐवजी बुटाचा नंबर असतो, कधी नुसतं "माझ्यापेक्षा जरा जाड आहेत". आम्ही माप विचारलं की समोरचा माणूस वैतागतो. गावाकडची गाडी सुटायची असते, रिक्षा बाहेर थांबलेली असते. मग अंदाजाने एल साइज नेली जाते आणि चार दिवसांनी तोच पट्टा, घामाचा वास लागलेला, बदलून मागायला परत येतो. तो आम्ही बदलून देऊ शकत नाही. यात तुमची एक फेरी वाया जाते, पैसे अडकतात, आणि ज्याचा गुडघा दुखतो तो आठवडाभर तसाच राहतो.

कंबर ३६ असलेल्या एका माणसाचा गुडघा ३५ सेंटिमीटर भरतो, दुसऱ्याचा ४३. गुडघ्याचा घेर पोटावर ठरत नाही, तो हाडाची ठेवण, मांडीचा स्नायू आणि सूज यांवर ठरतो. नी-कॅपच्या खोक्यावर जो तक्ता असतो त्यात एका साइजची मर्यादा थोड्याच सेंटिमीटरची असते. तेवढं चुकलं की पट्टा कामाचा राहत नाही. सैल असेल तर चालताना खाली घसरतो आणि वाटीच्या खाली गोळा होतो. मग लोक वरून नाडी बांधतात किंवा पायजम्यावरून चढवतात. घट्ट असेल तर वरची कड मांडीत रुतते, गुडघ्यामागच्या घडीत कातडी सोलते, संध्याकाळी पोटरी आणि पाऊल सुजतं. दोन्ही प्रकारांत शेवट एकच: पट्टा कपाटात, आणि "पट्ट्यानं काही फरक पडत नाही" हे मत कायमचं.

"एक साइज लहानच द्या, घट्ट असला की आधार जास्त" असंही बरेच जण म्हणतात. विणलेल्या नी-कॅपचं काम हलका दाब, ऊब आणि गुडघ्याची जाणीव देणं एवढंच आहे. दाब वाढवून आधार वाढत नाही, फक्त पायातून वर जाणारं रक्त अडतं. खरा आधार हवा असेल तर बाजूला पट्ट्या किंवा बिजागरी असलेला ब्रेस लागतो, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचा असतो.

घरी माप असं घ्या. माणसाला उभं करा, वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघा सरळ पण ताठ ओढलेला नको. शिंप्याची टेप कातडीवर लावा, कपड्यावरून नाही. टेप टेकलेली असावी, रुतलेली नसावी. तीन जागी मोजा: वाटीच्या बरोबर मध्यावर, तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीवर आणि वाटीपासूनच १५ सेंटिमीटर खाली पोटरीवर. तीन मापं एवढ्यासाठी, की काही कंपन्यांचा तक्ता वाटीवरचा घेर धरतो, काहींचा मांडीवरचा. दोन्ही पाय मोजा, फरक दिसला तर तोही लिहा. माप संध्याकाळी घ्या, कारण ज्यांचे पाय सुजतात त्यांचं सकाळचं माप रात्रीपर्यंत टिकत नाही. टेप नसेल तर सुती दोरा गुंडाळून खूण करा आणि पट्टीवर मोजा. पायजम्याचा इलॅस्टिक नाडा नको, तो ताणला जातो. आकडे सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलात तरी चालतं, पट्टा आम्ही काढून ठेवतो.

दुखापत ताजी आहे आणि गुडघा टम्म सुजलाय, तर पायातून चढवायची नी-कॅप अजिबात घेऊ नका. सूज ओसरली की तीच कॅप सैल होईल. अशा वेळी पूर्ण उघडणारा, व्हेल्क्रोने आवळायचा पट्टा किंवा साधं क्रेप बँडेज (गुंडाळायची ताणपट्टी) परवडतं. क्रेप स्वस्तही आहे, आणि आम्ही तेच आधी सुचवतो.

कमरेच्या बेल्टलाही हाच घोळ. आपल्याकडे पुरुष पॅन्ट पोटाखाली बांधतात, म्हणून पॅन्टचा नंबर ३६ आणि बेल्ट बसतो तिथला घेर ४२ इंच, असं सर्रास निघतं. बेल्टची खालची कड कमरेच्या हाडाला टेकते, मागच्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना येतात. माप त्याच उंचीवर, पोट आत न ओढता घ्या. श्वास रोखून दिलेलं माप बाईक चालवताना उघडं पडतं. बेल्ट उभं राहण्याच्या, वजन उचलण्याच्या, प्रवासाच्या वेळी लावा, झोपताना काढा. महिनोन्महिने दिवसभर लावून ठेवायचा आणि व्यायाम काहीच करायचा नाही, हे बेल्ट विकणाऱ्यांनाही मान्य नाही.

उसण भरली की पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाची लाथ खाऊन मग बेल्ट घ्यायला येणारेही आहेत. श्रद्धेचा प्रश्न आम्ही सोडून देतो, पण दुखऱ्या कण्यावर झटका नको. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत झाली, पायातली ताकद गेली, तर बेल्टच्या नादी न लागता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आम्ही कधी कधी सामान असून विकत नाही, त्याचा राग येतो लोकांना. घोटा मुरगळला आणि पडल्या पडल्या चार पावलं टाकता आली नाहीत, दुकानात येईपर्यंतही टाकता येत नाहीत, तर आधी एक्सरे. तसंच घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत कुठेही, हाड दाबल्यावर कळ आली तरी एक्सरे. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथलं दुखणंही यातच धरा. तिथं हाड मोडलेलं असूनही माणूस लंगडत चालतो, म्हणून ते सुटून जातं. कबड्डीत पकड होताना किंवा क्रिकेटमध्ये वळताना गुडघ्यात 'कट' आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा भरला, तर आतलं लिगामेंट तुटल्याची शंका घ्यायची. त्यावर नी-कॅप लावून पुढची मॅच खेळणं म्हणजे गुडघ्याच्या सांध्यातल्या गादीलाही धक्का लावून घेणं. प्लास्टर किंवा ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर पट्टा आवळायचा नाही आणि चोळायचंही नाही. रक्ताची गुठळी असू शकते. त्यात दम लागला तर वेळ घालवू नका.

पहिल्या दोन दिवसांत मालीश नको, गरम शेक नको. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळलं की सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आंबेहळद किंवा रक्तचंदनाचा लेप लावायचा असेल तर लावा, मात्र तो ओला असताना वरून क्रेप बांधू नका, कातडी फुटते.

क्रेप बांधायला बहुतेकांना कोणी शिकवलेलं नसतं. घोट्याला १० सेंटिमीटर रुंदीचं घ्या, गुडघ्याला १५ चं. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवा. सुरुवात बोटांच्या मुळाशी, दोन वेढे पावलाभोवती, मग घोट्यावरून तिरकं जाऊन मागून फिरवून परत पावलाखाली, म्हणजे मराठी चारच्या आकड्यासारखं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकतो. टाच उघडी सोडू नका, नाहीतर सूज तिथं जाऊन बसते. बँडेज पूर्ण ताणून बांधायचं नाही. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबा आणि सोडा: दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या तर लगेच सोडून पुन्हा सैल बांधा. रात्री काढा. मधुमेह असणाऱ्यांना बऱ्याचदा मुंग्या कळत नाहीत, त्यांच्या पायाकडे घरच्यांनी दिवसातून दोनदा बघावं.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर, विद्यापीठाच्या रस्त्यांवर, बीड बायपासच्या डांबरावर पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि तारीख जाहीर झाली की अंतर एकदम वाढवलं जातं. मग नडगी दुखते आणि नडगीचे स्लीव्ह (पायावर चढवायच्या घट्ट बाह्या) मागितले जातात. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीचा भाग दुखत असेल तर पळणं कमी करून, डांबराऐवजी मातीवर पळून, बूट बदलून फरक पडतो. स्लीव्हने थोडा आराम वाटतो, इतकंच. पण बोट ठेवता येईल एवढ्याच जागी दुखतंय, रात्रीही दुखतंय, एका पायावर उडी मारवत नाही, तर हाडाला चीर असू शकते. साध्या एक्सरेत ती सुरुवातीला दिसतेच असं नाही. तेव्हा स्लीव्ह घालून पळणाऱ्याची यंदाची भरती तर जातेच, पुढचीही अडचणीत येते.

टेनिस एल्बोच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात: कोपराच्या बाहेरच्या हाडावर जिथं दुखतं तिथं तो लावायचा नसतो. हाडापासून दोन बोटं खाली, मनगट वर उचलल्यावर जो स्नायू फुगतो त्यावर गादी येऊ द्या. हा आजार टेनिसपटूंपेक्षा पाने फिरवणाऱ्या मेकॅनिकना आणि दिवसाला वीस-पंचवीस भाकरी थापणाऱ्या बायकांना जास्त होताना आम्ही बघतो. गुडघ्याच्या बिजागरीच्या ब्रेसमध्ये बिजागरी वाटीच्या मध्याच्या रेषेत हवी. ती खाली सरकली की गुडघा एका जागी वाकतो आणि ब्रेस दुसऱ्या. डायलवरचा कोन डॉक्टरांनी ठरवलेला असतो, सांगितल्याशिवाय आम्ही तो बदलत नाही, तुम्हीही बदलू नका.

नी-कॅप किती वेळ घालायची? चालताना, जिने चढताना, खेळताना. मांडी घालून जेवायला, पूजेला, नमाजला बसताना काढा. दुमडल्यावर ती मागच्या घडीत वळी होऊन रुतते. एप्रिल-मेच्या उन्हात निओप्रीनची (रबरासारख्या जाड कापडाची) कॅप घाम धरून ठेवते आणि पुरळ येतं, तेव्हा विणलेली सुती-इलॅस्टिकची घ्या. थंडीत निओप्रीन बरी वाटते. धुताना गार पाणी, थोडा सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवी वाळवायची. ऊन आणि गरम पाणी इलॅस्टिक मारतं. व्हेल्क्रो आधी चिकटवून मग धुवा. त्यात अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने निघतात. रोजचा वापर असेल तर दोन घेतलेल्या बऱ्या, एक वाळते तोवर दुसरी.

कुबड्यांसाठी पेशंट येऊ शकत नसेल तर त्याची उंची आणि पायात बूट की चप्पल, एवढं कळवा. नीट जुळवणी मात्र उभं राहूनच होते. कुबडीचं टोक पावलाच्या बाजूला आणि थोडं पुढे, साधारण १५ सेंटिमीटरवर टेकवा. वरची गादी आणि काख यांत दोन ते तीन बोटांची जागा हवी. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीवर, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. भार हातांवर घ्यायचा. काखेत लटकून चालणाऱ्यांची नस दबते आणि मनगट उचलेनासं होतं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबडी आणि दुखरा पाय. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण उलट धरतात.

बदलीचा नियम असा: खोकं, पावती आणि न वापरलेली वस्तू आठ दिवसांत आणली तर साइज बदलून मिळते. अंगाला लागलेली वस्तू नाही. ती पुन्हा विकायची म्हणजे दुसऱ्याच्या कातडीशी खेळ, आणि तुम्हालाही तसली वस्तू नको असते. ट्रायलसाठी आमच्याकडे धुतलेले नमुने आहेत, आतून पातळ सुती मोजा घालून बघता येतं. माप घेण्याचे पैसे नाहीत, दुसरीकडून घेतलेला पट्टा लावून दाखवायचेही नाहीत. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, वयस्कर माणसाला आणायचं असेल तर दुपारी आणा.

येताना डॉक्टरांची चिठ्ठी, आधीचा पट्टा असेल तर तो, आणि गुडघा वर करता येईल असा सैल पायजमा किंवा हाफ पॅन्ट. घट्ट जीन्स घालून आलेल्याचं माप घेता येत नाही. विम्यासाठी किंवा कार्यालयात सादर करायला बिल हवं असेल तर पेशंटचं नाव चिठ्ठीवर आहे तसंच सांगा, नंतर दुरुस्ती करता येत नाही. कुबडी किंवा काठी घरात असेल तर तीही आणा: खालची रबरी टोपी गुळगुळीत झाली असेल तर ओल्या शहाबादी फरशीवर ती घसरते. टोपी सगळ्या मापांत ठेवलेली आहे, तिथल्या तिथे बदलून देतो.