ऐच्छिक अभ्यासक्रम पद्धती
ऐच्छिक अभ्यासक्रम पद्धती : विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांनी एका सत्रात शिकवायला ठेवलेल्या अभ्यासक्रमांतून विद्यार्थ्याने काही स्वतः निवडून पदवी पुरी करण्याची व्यवस्था. निवडलेला अभ्यासक्रम त्याच सत्रात संपतो, त्याची परीक्षा तेव्हाच होते आणि त्याचे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याची एकके) विद्यार्थ्याच्या खाती जमा होतात. सत्र, श्रेयांक आणि निवड ही आज एकच व्यवस्था वाटते; प्रत्यक्षात तिन्हींचा उगम वेगळ्या काळी आणि वेगळ्या कारणांनी झाला.

‘सेमिस्टर’ हा शब्द लॅटिनमधील ‘सहा महिन्यांचा’ या अर्थाच्या विशेषणावरून जर्मन विद्यापीठांमार्फत रूढ झाला. त्यातील दोन्ही घटक संस्कृत ‘षष्’ आणि ‘मास’ यांचे सगोत्र आहेत. म्हणजे ‘षण्मास’ आणि ‘सेमिस्टर’ हे जवळजवळ एकच शब्द होत. शाळेतील ‘सहामाही’ त्यामुळे अर्थाला अधिक जवळची. विद्यापीठांनी मात्र ‘सत्र’ स्वीकारले. वैदिक परिभाषेत सत्र म्हणजे बारा किंवा अधिक दिवस चालणारा सोमयाग, ज्यात सगळे ऋत्विज (याग करणारे पुरोहित) स्वतःच यजमान असतात.

निवडीच्या तत्त्वाचे जनकत्व वादग्रस्त आहे. सर्वसाधारण ग्रंथांत त्याचे श्रेय हार्वर्डचे अध्यक्ष (१८६९–१९०९) चार्ल्स विल्यम एलियट यांना दिले जाते. त्यांच्या काळात शेवटच्या वर्षाची विषयसक्ती १८७२ मध्ये आणि दुसऱ्या वर्षाची १८८४ मध्ये उठली, हे खरे. पण टॉमस जेफर्सन यांच्या पुढाकाराने १८२५ मध्ये उघडलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात आठ ‘शाळा’ होत्या आणि कोणत्या शाळांची व्याख्याने ऐकायची हे विद्यार्थी ठरवत असे. सुरुवातीस सर्वांना समान अशी पदवी नव्हती. ज्या शाळेचा अभ्यास पुरा होई, त्या शाळेचा तो पदवीधर. काही अभ्यासक हा धागा आणखी मागे, विल्यम अँड मेरी महाविद्यालयातील १७७९च्या फेररचनेपर्यंत नेतात. ते जरा ताणलेले वाटते.

दुसरे मत जर्मन उगमाचे. विद्यार्थ्याने काय, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने शिकावे याचे स्वातंत्र्य, ‘लेर्नफ्राइहाइट’, हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांचे लक्षण मानले जाई. ग्योटिंगेनमध्ये शिकून आलेल्या जॉर्ज टिकनर यांनी १८२५च्या सुमारास हार्वर्डमध्ये विभागवार रचना व मर्यादित निवड आणण्याचा प्रयत्न केला; तो त्यांच्या आधुनिक भाषांच्या विभागापुरताच टिकला. टिकनर आणि जेफर्सन यांचा पत्रव्यवहार होता, त्यामुळे दोन्ही प्रवाह पूर्णपणे वेगळे धरता येत नाहीत. तरीही जर्मन स्वातंत्र्यात विद्यार्थी शेवटी एकाच मोठ्या परीक्षेला सामोरा जाई. अभ्यासक्रम एकेक करून मोजत पदवीपर्यंत पोचणे ही अमेरिकी घडण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मुक्त निवडीला विरोधही झाला. प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचे अध्यक्ष जेम्स मकॉश आणि एलियट यांचा १८८५ मध्ये न्यू यॉर्क येथे जाहीर वादविवाद झाला. पुढे एलियट यांचे उत्तराधिकारी लॉवेल यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत विस्तार अशी बंधने घातली; आजच्या ‘मेजर’ (मुख्य विषय) आणि इतर विषयांच्या वाटणीमागे हाच विचार आहे.

श्रेयांकाचा उगम शिक्षणशास्त्रात नसून निवृत्तिवेतनात आहे. अमेरिकी पोलाद उद्योजक अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. निधीला पात्र ‘महाविद्यालय’ कोणते हे ठरवताना प्रवेशासाठी १४ एककांची अट आली. एक एकक म्हणजे माध्यमिक शाळेत एका विषयाचे सुमारे १२० तास. तासांवर ज्ञान मोजण्याची ही रीत लवकरच विद्यापीठांतही शिरली.

या पद्धतीचा मराठी वाचकाला सर्वांत परिचित लाभार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद अशी : अर्थशास्त्र २९, इतिहास ११, समाजशास्त्र ६, तत्त्वज्ञान ५, मानवशास्त्र ४, राज्यशास्त्र ३, प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १, एकूण ६०. पदवीचा विषय अर्थशास्त्र असूनही जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध वाचला गेला (९ मे १९१६) तो गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात.

भारतात १८५७ ची तिन्ही विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर निघाली : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. तेथे जुन्या पिढीच्या तोंडी असलेला ‘ऑप्शनल’ विषय म्हणजे ठरलेल्या गटांतला एक. सत्रे आणि श्रेयांक आधी कृषी विद्यापीठे व आयआयटींत आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या निवडाधारित श्रेयांक पद्धतीने ते सार्वत्रिक होऊ लागले. आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक, सत्रभर, म्हणजे एक श्रेयांक; सत्रात अध्यापनाचे ९० दिवस. २०२१ मध्ये श्रेयांक साठवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली.

महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३ मध्ये ठरलेल्या आराखड्यात वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक असून ‘ओपन इलेक्टिव्ह’ मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे लागते. मोजणी जशी सहज आली, तशी निवड आलेली नाही. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तास धरला जातो. विद्यार्थी दुसऱ्या विभागाकडे वळले की मूळ विभागातल्या प्राध्यापकांचे हे तास भरत नाहीत. त्यामुळे निवडीच्या यादीत काय ठेवायचे हे बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या आवडीपेक्षा कार्यभाराच्या आणि वेळापत्रकाच्या तक्त्यावर ठरते. केवळ वाणिज्य शाखा असलेल्या महाविद्यालयात तर दुसरी विद्याशाखाच नसते. अशा ठिकाणी ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन मंचाचा आधार घेता येतो. २०२१च्या विनियमांनुसार एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत तेथून घेण्याची मुभा आहे.