अंगावर पाजत नसाल तर : पहिल्या तीन आठवड्यांत छातीची काळजी

बाळंतपणानंतरच्या ब्रा आणि पॅड आमच्याकडून नेणाऱ्या, पण बाळाला अंगावर न पाजणाऱ्या बायकांसाठी हे पत्रक आहे. कुणाची कर्करोगाची औषधे चालू असतात, कुणाच्या बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचण्याचा जन्मजात आजार) असतो, कुणी सरोगसीतून मूल दिलेले असते, कुणाचे बाळ गेलेले असते, तर कुणी पाजायचे नाही असे ठरवलेले असते. कारण आम्ही विचारत नाही आणि तुम्ही सांगायलाही बांधील नाही. पावडरचे दूध आणि बाटल्या यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे, त्या आम्ही विकतही नाही. बाळाला काय आणि किती द्यायचे, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. इथे फक्त तुमच्या छातीबद्दल लिहिले आहे.

दूध येणारच

पाजायचे नसले की दूध येतच नाही, असा बऱ्याच जणींचा समज असतो. शरीराला तुमचा निर्णय ठाऊक नसतो. वार पडली की रक्तातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळे रान मिळते. सिझर झाले तरी हेच होते. सोळा-अठरा आठवड्यांनंतर गर्भ गेला तरीही दूध येऊ शकते, आणि हे आधी कुणी सांगितलेले नसले की धक्का बसतो.

पहिले दोन दिवस थोडा चीक येतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, बहुधा दवाखान्यातून घरी आल्यावरच, छाती भरते. ती जड, गरम आणि ताठ होते, कातडी चकचकते, निळ्या शिरा दिसतात. ही सूज नुसत्या दुधाची नसते. त्या भागात रक्त वाढलेले असते, पाणीही साचलेले असते. म्हणून दूध पिळून काढले तरी ताठरपणा पुरता जात नाही, आणि थंड शेकाने मात्र आराम पडतो. तिसरा ते पाचवा दिवस सर्वात त्रासाचा. पुढे सातव्या-दहाव्या दिवसापर्यंत छाती बरीच मऊ पडते. गळणे आणखी दोन-तीन आठवडे चालू राहते, आणि दाबल्यावर एखादा थेंब येणे काही महिनेही टिकू शकते.

याच दिवसांत काखेत लिंबाएवढी गाठ हाताला लागली तर घाबरू नका. काही बायकांच्या काखेत स्तनाचे थोडे जास्तीचे ऊतक असते आणि तेही या वेळी फुगते. छातीबरोबर तीही उतरते. महिन्याभरात उतरली नाही तर दाखवून घ्या.

आधार द्या, आवळू नका

छाती घट्ट बांधली की दूध आटते, हा सल्ला अजून घरोघरी मिळतो. जुन्या सुती साडीची पट्टी, ओढणी, कधी पोटाचाच पट्टा वर सरकवून बांधला जातो. दूध आटते ते दाबामुळे नव्हे. आत राहिलेले दूधच पेशींना ‘आता पुरे’ असे सांगते, म्हणून आटते. पट्टी कुठे जास्त दाबते, कुठे कमी. जिथे जास्त दाबते तिथली नळी तुंबते, दूध साकळते आणि गाठ धरते, दुखणे वाढते. छातीची पट्टी आमच्याकडे मागितली जाते, पण आम्ही ती ठेवत नाही.

हवी ती नीट बसणारी, तार नसलेली, सुती ब्रा, दिवसा आणि रात्रीही. माप चौथ्या दिवसाच्या फुगलेल्या छातीवर घ्या. गरोदरपणाआधी ३४ बी लागत असेल तर त्या आठवड्यात ३६ सी किंवा ३६ डी लागणे नेहमीचे आहे. त्या दिवशी ब्रा सर्वात बाहेरच्या हुकावर आरामात बसली पाहिजे. मग सूज उतरेल तशी आतल्या हुकावर घ्यायला जागा उरते. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. कप भरलेला असावा, पण काखेकडून मांस बाहेर पडता कामा नये. ब्रा काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल वळ दिसत असतील तर ती घट्ट आहे. जुनी ब्राच वापरायची असेल तर मागे लावायचा हुक एक्स्टेंडर घ्या, मात्र तार काढून टाका. शिवण उसवून दोन्ही तारा ओढून काढल्या की झाले.

साडी नेसणाऱ्यांनी ब्लाउजकडेही पाहावे. काखेखालचा टक आणि घट्ट बाही नेमकी त्या जागी दाबते जिथे स्तनाचे सर्वात जास्त ऊतक बाहेरच्या बाजूला असते. दोन आठवडे सैल कुर्ता किंवा समोरून उघडणारा गाऊन बरा.

थंड शेक

सर्वात जास्त उपयोग याचा होतो, आणि खर्च काहीच नाही. ओला पंचा पिळून, घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तासाभरात तो गार होतो आणि तरीही छातीच्या गोलाईवर वळतो. फ्रोझन मटारची पिशवीही तशीच वळते. बर्फाचा खडा मात्र नको. मध्ये एक सुती कापड ठेवा, कातडीवर थेट काही लावू नका. १५ ते २० मिनिटे शेका, मग किमान तासभर विश्रांती. दुखणे जास्त असेल तर दिवसातून सहा-सात वेळा चालेल. फ्रीज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा दर पाच मिनिटांनी बदलत राहा, जमते.

कोबीच्या पानांचा भक्कम पुरावा नाही, पण गारवा मिळतो आणि नुकसान नाही. पान धुऊन फ्रीजमध्ये गार करा, मधला जाड देठ काढा, लाटण्याने हलके चेपा आणि ब्रामध्ये बोंडी सोडून ठेवा. कोमेजले की टाकून द्या. कातडी चिरलेली असेल तर लावू नका. दक्षिणेत मोगऱ्याची फुले छातीला लावतात, आणि वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ब्रोमोक्रिप्टिन या दूध थांबवायच्या औषधाशी तुलना करून हा उपाय तपासलाही होता. फुले लावायची हौस असेल तर लावा, पण गार पंचा सोडू नका.

उष्णता मात्र उलटी पडते. शेगडीचा शेक, छातीवर ओतलेले कढत पाणी, तेल चोळणे, या सगळ्याने पान्हा फुटतो. अंघोळीत पाठीकडून पाणी घ्या. मालिशवाली येत असेल तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: ‘छातीला हात लावायचा नाही, गाठी दाबायच्या नाहीत.’ गाठ चोळून फोडण्याच्या नादात आतले ऊतक दुखावते आणि सूज वाढते.

दूध काढायचे की नाही?

शक्यतो नाही. दूध जितके काढाल तितके ते पुढे तयार होते. पण छाती दगडासारखी झाली असेल, झोप लागत नसेल, तर फक्त ताण सैल होण्यापुरते काढा. अंगठा आणि पहिली दोन बोटे बोंडीच्या टोकापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे ठेवा, आधी सरळ छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग बोटे एकमेकांकडे आणा, सोडा. बोटे कातडीवरून घासू नका. एक-दोन मिनिटांत ताण कमी होतो, तिथेच थांबा. किती निघाले हे मोजू नका, स्तन रिकामा करायचाच नाही. पुन्हा काढावे लागले तर आधीपेक्षा जास्त वेळाने. पंप या कामाला बरा नव्हे, कारण एकदा चालू केला की हात थांबत नाही.

काही आठवडे पाजून किंवा पंप करून मग बंद करत असाल तर एकदम थांबू नका. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी करा. सकाळची पहिली वेळ सर्वात शेवटी सोडा, त्या वेळी छाती सर्वात भरलेली असते.

बाळ गेल्यावर काही आयांना दूध दान करावेसे वाटते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदूधपेढी सुरू झाली. आज इतर शहरांतही पेढ्या आहेत. मात्र दानासाठी नियमित दूध काढावे लागते, आटायला वेळ जातो, आणि आधी रक्ताच्या तपासण्या होतात. करावेसे वाटले तर करा, कुणी गळ घातली म्हणून नको.

गळणे

दुसऱ्याचे बाळ रडले, गरम चहा घेतला, नुसती आठवण आली, तरी पान्हा फुटतो. तळहाताने बोंडीवर सरळ, हलकेच दाबून दहा-पंधरा सेकंद धरा. बाहेर असाल तर हाताची घडी घालून तेच करता येते.

पॅड ओला झाला की बदला, तास मोजत बसू नका. धुऊन वापरायचे सुती पॅड घेतले तर सहा ते आठ जोड्या पुरतात, पावसाळ्यात दहा. प्लॅस्टिकच्या पाठीचे पॅड गळती लपवतात, पण कातडी ओली ठेवतात. मग खाज सुटते, बुरशी येते. पॅड आधी गार पाण्यात खळबळा, गरम पाण्याने दुधाचा डाग पक्का बसतो. नंतर साबण लावा. कम्फर्टसारखे सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी शोषायचे थांबते.

खाणे आणि औषधे

दूध आटावे म्हणून पाणी तोडू नका. पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही, मलावरोध मात्र होतो, आणि टाके असताना त्याचा त्रास भारी. दूध वाढावे म्हणून दिली जाणारी शतावरी, अळिवाची खीर, मेथीचे लाडू सध्या बाजूला ठेवा. त्यांचा परिणाम किती, यावर मतभेद असले तरी उगीच परीक्षा कशाला? वरण-भात, भाजी, अंडी, मासे, सगळे खा. तुम्हाला भरून यायचे आहे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या. एका वेळी एक किंवा दोन, दोन वेळांमध्ये किमान सहा तास, २४ तासांत जास्तीत जास्त आठ. वजन ५० किलोपेक्षा कमी किंवा यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्या. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते मोजायला विसरू नका. आयब्युप्रोफेन सूजही उतरवते, पण आम्लपित्त, व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा बाळंतपणात रक्तदाब वाढलेला असेल तर विचारूनच.

दूध थांबवायच्या गोळ्या डॉक्टरांनीच द्यायच्या. बहुधा कॅबरगोलिन देतात. प्रसूतीच्या पहिल्या दिवशी एकदाच १ मिलिग्रॅम, किंवा दूध सुरू झाल्यावर ०.२५ मिलिग्रॅम दर १२ तासांनी दोन दिवस. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल किंवा पूर्वी मानसिक आजार झाला असेल, तर हे सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका. ब्रोमोक्रिप्टिन हे जुने औषध झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराच्या नोंदींमुळे अमेरिकेत या कामासाठी नव्वदच्या दशकातच बंद झाले. घरी जुनी चिठ्ठी पडली असेल तर ती वापरू नका.

डॉक्टरांकडे केव्हा

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर ‘दुधाचा ताप’ म्हणून सोडून देऊ नका. गर्भाशयाचा किंवा टाक्यांचा संसर्गही असाच सुरू होतो. एकाच स्तनावर त्रिकोणी लालसर पट्टा, थंडी वाजून येणे, अंग मोडून येणे ही स्तनदाहाची लक्षणे आहेत, त्याच दिवशी दाखवा. ती जागा मऊ पडून हलल्यासारखी लागली तर पू झालेला असू शकतो. बोंडीतून रक्त आले, किंवा सूज गेल्यावरही एखादी गाठ दोन-तीन आठवडे राहिली, तर सोनोग्राफी हवी. सहा महिन्यांनंतरही आपोआप दूध गळत असेल तर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड तपासतात.

दोन आठवड्यांहून जास्त मन खचलेले असेल, झोप किंवा भूक उडाली असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा.

आणखी एक, कारण हे सांगायचे राहूनच जाते: अंगावर पाजत नसाल तर पाळी येण्याआधीच, चौथ्या आठवड्यातही बीज सुटू शकते. गर्भनिरोधनाचे तिसऱ्या आठवड्याआधी विचारून ठेवा.

माप आणि बदल

चौथ्या-पाचव्या दिवसाचे माप पुढे टिकत नाही, म्हणून त्या मापाच्या दोनच ब्रा घ्या. कायमच्या ब्रा सहा-आठ आठवड्यांनी, छाती मऊ पडल्यावर. एक बाजू थोडी मोठी राहिली तर मोठ्या बाजूचा कप घ्या आणि दुसऱ्या कपात पॅड ठेवा. छाती सैल पडते ती गरोदरपणामुळे, न पाजल्याने ती टळत नाही. न धुतलेली, टॅग असलेली ब्रा बदलून मिळते. पॅडचे पाकीट उघडले असेल तर मात्र नाही.