गल्लीचं काम आणि शहराचा पैसा: बेळगावातील हरित अनुदानाची पार्श्वभूमी

बेळगावात हवामान आणि कचरा या दोन नावांनी पुन्हा पैसा येऊ घातला आहे. शहरांतल्या कचरा आणि हवामानाच्या कामांसाठीच्या केंद्राच्या 'सिटीज २.०' कार्यक्रमाला मे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्यासाठी फ्रान्स आणि जर्मनीच्या विकास बँकांचं कर्ज आणि युरोपीय संघाचं अनुदान आहे, आणि निवडलेल्या १८ शहरांत बेळगाव आहे. तुरमुरीच्या कचरा डेपोकडे जाणारा कचरा कमी व्हावा, शहराचा कार्बनभार उतरावा, हा हेतू चांगलाच आहे. पण असा पैसा आजवर कोणाच्या हातून खर्च झाला आणि गल्लीतल्या मंडळाला त्यातलं काही मागता आलं का, हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची सगळी जबाबदारी उचलली होती. हजारो प्रतिनिधींना पाणी कुठून द्यायचं, या अडचणीतून टिळकवाडीत विहीर खणली गेली. तिच्यावर ४,३७० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. ती काँग्रेस विहीर आजही आहे. पुढे गंगाधररावांनी बेळगावजवळच्या हुदलीला खादीचं काम उभं केलं आणि १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन तिथेच झालं. लोकांनी वर्गणी काढायची, अंग मोडून राबायचं आणि झालेलं काम स्वतःच सांभाळायचं, अशी ही रीत होती. बेळगावच्या सार्वजनिक गणेशोत्सवानेही गल्लीगल्लीत पंचमंडळी आणि युवक मंडळं घडवली. पावती पुस्तक, जमाखर्च, कामाची वाटणी यांत ती मुरलेली आहेत. हा अनुभव कोणत्याही योजनेने विकत घेता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर पाणी दूर गेलं. १९६२ च्या सुमारास मार्कंडेय नदीवर राकसकोप जलाशय झाला. नंतर शहर वाढलं तसं घटप्रभेवरच्या हिडकलचं पाणी पंपांनी वर चढवून आणावं लागलं. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपातली गळती-घट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. वाटेतल्या नळांतलं घर्षण वेगळं. म्हणजे गल्लीतली विहीर बुजली, की त्या पाण्याचा भार विजेच्या बिलावर पडतो. टंचाईच्या वर्षांत शहरातल्या जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. माझ्या मते बेळगावातलं ते खरं कमी कार्बनचं काम होतं, जरी तेव्हा त्याला कोणी तसं म्हटलं नाही.

इंधनाची वाट वेगळी. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून गोबरगॅसला अनुदान मिळू लागलं, पण ते घराघराला. गोठा आणि मोकळी जागा असलेल्यालाच त्याचा उपयोग. याच कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात भारतीय विज्ञान संस्थेच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या 'अस्त्र' गटाने दुसरी वाट दाखवली. सगळ्या गावाचं शेण एका संयंत्रात यायचं, त्यातल्या गॅसवर वीज, विजेवर पाणी उपसायचं, शेण आणणाऱ्याला मोबदला आणि गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला परत. कारभार गावच्या समितीकडे. योजनेच्या कागदावर मात्र अनुदान घरामागेच मोजलं जात राहिलं.

शहरात मोठा पैसा आला तो स्मार्ट सिटीचा. जानेवारी २०१६ च्या पहिल्याच २० शहरांच्या यादीत बेळगाव होतं. केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी आणि राज्याचा तेवढाच वाटा, अशी रचना. हा निधी महापालिकेच्या सभागृहातून नव्हे, वेगळ्या कंपनीमार्फत खर्च झाला. रस्ते झाले, उद्यानं झाली, पण मंडळाने अर्ज करावा अशी खिडकी त्यात नव्हती.

सभागृह तरी सलग कुठे होतं? सीमाप्रश्नाच्या वादातून २००५ मध्ये राज्य सरकारने महापालिका बरखास्त केली आणि २०११ मध्ये पुन्हा. २०१९ मध्ये मुदत संपली, निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि महापौर निवडायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं. ज्या वर्षांत नगरसेवकच नाही, त्या वर्षांत गल्लीने मागायचं कोणाकडे? त्यात परिपत्रकं आणि अर्ज कन्नडमध्ये. मराठीतून कागदपत्रं द्या, ही मागणी इथे फार जुनी आहे, आणि योजनेची माहितीच पोचत नसेल तर अर्जाचा प्रश्नच येत नाही.

इतर शहरांनी हा गुंता वेगळ्या तऱ्हेने सोडवला. सिएटलने १९८८ मध्ये वस्त्यांसाठी निधी सुरू केला. त्यात लोकांनी दिलेले श्रम त्यांचा वाटा म्हणून धरले जातात. रोख रक्कम नसली तरी चालतं. लंडनच्या महापौरांनी २०१७ पासून सामुदायिक ऊर्जेसाठी अनुदान दिलं. शाळेच्या किंवा सभागृहाच्या छपरावर सौरऊर्जा बसवण्याआधी लागणारी पाहणी आणि हिशेब यांनाही त्यातून पैसा मिळतो. छोट्या गटांचं घोडं तिथेच अडतं, म्हणून ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. जवळचं उदाहरण पुण्याचं: २००६ पासून तिथे नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात.

आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावरच्या सौरऊर्जेसाठी घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात, तेही तीन किलोवॉट किंवा जास्त क्षमतेला. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये आहेत. पण शहापूर, वडगाव, अनगोळच्या दाट गल्ल्यांत गृहनिर्माण संस्था कुठली? घर चार भावांच्या नावावर, छप्पर कौलारू. मंडळ नोंदणीकृत असलं तरी या चौकटीत बसत नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्या, आणि २०११ च्या जनगणनेत बेळगाव ४.८८ लाखांचं होतं. महापालिकांच्या प्रभाग समित्यांसाठी कर्नाटकाने २०१६ मध्ये नियमही केले. नव्या निधीतला छोटा हिस्सा या समित्यांमार्फत थेट मंडळं आणि महिलांच्या स्त्रीशक्ती बचत गटांना द्यावा. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा आणि श्रमदान वाटा म्हणून धरावं. पहिली कामं विहिरींची आणि गल्लीतच ओला कचरा जिरवण्याची असावीत, कारण दोन्हींचा परिणाम मोजता येतो: एकाचा शहराला पाणी चढवणाऱ्या हिंडलग्याच्या पंपांच्या वीजबिलात, दुसऱ्याचा तुरमुरीला जाणाऱ्या गाड्यांच्या खेपांत.