गोळी आज, गुण तीन आठवड्यांनी

'मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं की नैराश्य येतं,' असं हल्ली कुणीही ठासून सांगतं. पण रक्तातली साखर मोजावी तसं सेरोटोनिन मोजून नैराश्य ठरवणारी तपासणीच नाही. डॉक्टर विचारतात ते गेल्या दोन आठवड्यांबद्दल. मन उदास असतं का? कशातच रस उरलेला नाही का? यांपैकी एक तरी हवंच, आणि झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार वगैरे धरून ९ पैकी किमान ५ लक्षणं. रक्त तपासतात ते थायरॉइडचं दुखणं तर नाही ना, अशा शंका फेडायला.

सेरोटोनिनचं नाव पुढे आलं ते नैराश्यावरच्या औषधांमुळे, आणि कोडंही तिथेच आहे. फ्लुऑक्सेटीनसारखी गोळी काही तासांतच कामाला लागते. मग बरं वाटायला दोन ते सहा आठवडे का लागतात?

पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. चेतापेशी शेजारच्या पेशीशी असलेल्या फटीत सेरोटोनिन सोडते आणि उरलेलं एका पंपानं परत ओढून घेते. गोळी हा पंप अडवते, म्हणजे टाकीचा निचरा बंद. पातळी वाढायला हवी. पण सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरच १ए जातीचे स्वग्राही, म्हणजे तिनंच सोडलेलं सेरोटोनिन टिपणारे ग्राही असतात, टाकीतल्या बॉलकॉकसारखे. पातळी चढली की ते पेशीचं स्पंदन मंदावतात. वरचा नळच आवळला जातो! आठवड्यांनी हे स्वग्राही बोथट होतात आणि नळ पुन्हा सुटतो. म्हणून संशोधकांनी पिंडोलॉल या रक्तदाबावरच्या औषधानं बॉलकॉक आधीच अडवून पाहिला, पण निकाल एकसारखे आले नाहीत. म्हणजे गोष्ट इथे संपत नाही. पुढे पेशींच्या जोडण्या नव्यानं बांधल्या जातात, त्यालाही वेळ लागत असावा. केटामाइन हे भुलीचं औषध तर ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेनं जाऊन काही तासांत परिणाम दाखवतं.

कारणांचं म्हणाल, तर जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघतो. उरलेल्यात आघात, ताण, एकटेपणा, दुखणी. ग्रहदशेला यात कुठेच खातं नाही, आणि 'मन घट्ट कर' या सल्ल्यालाही. विचारांच्या सवयी बदलणारी बोलण्याची उपचारपद्धती मात्र खरोखर लागू पडते, अनेकदा गोळीच्या जोडीनं.

शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं. त्यामुळे मळमळ पहिल्या दिवसांतच येते आणि गुण नंतर. दुसऱ्या आठवड्यात पाकीट फेकून देणाऱ्यांच्या वाट्याला नेमकी मळमळच येते.