टाइमशेअर आठवड्यांची अदलाबदल

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क देणारी योजना. तीतील आपला वार्षिक आठवडा स्वतः न वापरता अदलाबदल करून देणाऱ्या विनिमय कंपनीकडे जमा करणे आणि त्याच्या मोबदल्यात दुसऱ्या रिसॉर्टमधील आठवडा मिळवणे, अशी ही पद्धत आहे. या व्यवसायातील दोन मोठ्या कंपन्या अमेरिकेत सुरू झाल्या: आरसीआय १९७४ मध्ये आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ मध्ये. भारतात स्टर्लिंग (१९८६) आणि महिंद्रा हॉलिडेज (१९९६) यांनी टाइमशेअरचा प्रसार केला. ठाणे आणि नवी मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबांमध्येही अशी सदस्यत्वे आढळतात.

ही अदलाबदल दोन सभासदांमध्ये थेट होत नाही, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. सभासदाचा आठवडा विनिमय कंपनीच्या सामाईक साठ्यात जातो. तो कोणी वापरला याच्याशी सभासदाच्या मागणीचा संबंध राहत नाही. जमा केलेल्या आठवड्याला विनिमयमूल्य मिळते आणि साधारण तेवढ्याच किंवा त्याहून कमी मूल्याचा आठवडा मागता येतो. हे मूल्य रिसॉर्टला असलेली मागणी, हंगाम, खोलीचा आकार, रिसॉर्टचा दर्जा आणि आठवडा किती आधी जमा केला, यांवर ठरते. हंगाम रंगांनी दाखवण्याची पद्धत रूढ असून आरसीआयच्या आठवडा पद्धतीत लाल रंग सर्वाधिक मागणीचा, पांढरा मध्यम आणि निळा कमी मागणीचा काळ दर्शवतो.

वर उल्लेखिलेल्या घटकांपैकी सभासदाच्या हातात खरोखर असतो तो फक्त वेळ. समजा, खारघरमधील एका कुटुंबाकडे गोव्यातील रिसॉर्टचा डिसेंबरमधील आठवडा आहे आणि त्यांना मे महिन्यात एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जायचे आहे. देखभाल शुल्क भरून त्यांनी आठवडा बरेच महिने आधी जमा केला, तर तो वापरणारा ग्राहक शोधायला कंपनीला अवधी मिळतो आणि म्हणून मूल्य पूर्ण धरले जाते. नोव्हेंबरच्या अखेरीस जमा केला, तर तोच आठवडा बराच स्वस्त होतो. शिवाय ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या शाळांना सुट्ट्या जवळपास एकाच वेळी लागत असल्याने मे महिना आणि दिवाळीसाठी सर्वांची मागणी एकदमच येते. दिवाळीची अडचण आणखी वेगळी आहे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, तर २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. त्यामुळे वर्षातील ठरावीक क्रमांकाचा आठवडा घेतलेल्या सभासदाला दरवर्षी दिवाळी साधता येत नाही आणि विनिमयाचा आधार घ्यावा लागतो.

मागणी नोंदवताना एकच ठिकाण आणि एकच तारीख धरून न बसता दोन-तीन पर्याय देणे केव्हाही चांगले. मागितलेला आठवडा साठ्यात नसेल, तर मागणी प्रतीक्षेत ठेवता येते, मात्र तो मिळेलच याची हमी नसते. विक्रीच्या वेळी ‘जगात कुठेही जा’ असे सांगितले जाते, तेव्हा ही मर्यादा स्पष्ट केली जाणे न्याय्य ठरेल. विनिमय कंपनीचे सदस्यत्व आणि प्रत्येक विनिमयाचे शुल्क हे रिसॉर्टच्या वार्षिक देखभाल शुल्काहून वेगळे असते; जेवण आणि स्थानिक करही सहसा वेगळे पडतात. स्वतःऐवजी नातेवाइकांना पाठवायचे असल्यास त्यांच्या नावाचे अतिथी प्रमाणपत्र घ्यावे लागते. जमा आठवड्याला मुदत असते आणि ती उलटली की तो वाया जातो.

भारतातील बहुतेक योजनांत सभासदाला जागेची मालकी नव्हे, तर ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क मिळतो. त्यामुळे विनिमयाच्या अटी करारातच पाहाव्या लागतात. सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे रिसॉर्ट परराज्यात असले, तरी ठाणे किंवा वाशी येथील रहिवाशाला तेथे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करणे आवश्यक असते.