सांधेदुखीवर योगासने : या उपचाराची पार्श्वभूमी

आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, एक गुडघा मुडपून नारळ खवण्यात आणि पावसात वाकून भात लावण्यात ज्यांचे आयुष्य गेले, अशा गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या कितीतरी बायका आज योगवर्गात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाय हळूहळू सरळ करतात, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरतात आणि मग खाली टेकवतात. हा व्यायाम हजारो वर्षांपूर्वीचा आहे, असे त्यांना बहुधा सांगितले जाते. प्रत्यक्षात सांध्यांच्या उपचारासाठी आसनांची अशी मांडणी मुख्यतः विसाव्या शतकात झाली आणि तिचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला.

दुखण्याचे वर्णन मात्र खरोखरच जुने आहे. वारा भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखी हाताला लागणारी सूज आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना, ही संधिगत वाताची, म्हणजे सांध्यात शिरलेल्या वाताची, लक्षणे चरकसंहितेत आहेत. आमवाताचे, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या वेगळ्या दुखण्याचे, स्वतंत्र निदान पुढे माधवनिदान या ग्रंथात आले. त्यावरचे उपाय होते स्नेहन (तेल-तुपाचा उपचार), स्वेदन (शेक देऊन घाम आणणे) आणि औषधे. योगाची परंपरा वेगळ्या वाटेने चालली होती. पतंजलींना आसन हवे होते ते स्थिर आणि सुखाने बसण्यासाठी. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत आसनाने स्थैर्य, आरोग्य आणि अंगाला हलकेपणा येतो असे म्हटले आहे, पण दुखऱ्या गुडघ्यासाठी आसन कसे बदलावे, हा त्या ग्रंथाचा विषय नव्हता.

या दोन वाटा जवळ आणल्या त्या आधुनिक योगाचार्यांनी. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत योग संस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसनांचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी बोटे, मनगट, घोटा, गुडघा असा एकेक सांधा हलवणारी पवनमुक्तासनांची मालिका बसवली. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, लाकडी ठोकळे, दोर आणि खुर्ची यांचा आधार देऊन, ज्याला जमिनीवर बसताही येत नाही त्यालाही आसन करता येईल अशी सोय केली. माझ्या दृष्टीने सांधेदुखीच्या रुग्णासाठी याहून मोठे काम झालेले नाही.

सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, म्हणजे कूर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्याची हालचाल होते तेव्हा आतल्या वंगणातून तिला पोषण मिळते, आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. हाताच्या सांध्यांच्या झिजेवर अमेरिकेत झालेल्या आठ आठवड्यांच्या एका चाचणीत वेदना कमी झाल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघ्याच्या झिजेसाठी योगाची शिफारस केली, पण ती सशर्त. आमवातात रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, त्यामुळे तिथे औषध थांबवून आसनांवर विसंबणे घातक ठरते. सांधा सुजून गरम असताना त्यावर जोर देऊ नये, आणि मानेचे मणके सैल झालेल्या रुग्णाने शीर्षासनाच्या वाटेलाही जाऊ नये.

पेडणे तालुक्यातल्या धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. गावातल्या वर्गात येणारी बाई मात्र बहुतेकदा तपासणीआधीच आसने सुरू करते. तिचे दुखणे झिजेचे की आमवाताचे, हे पहिल्याच दिवशी विचारले गेले पाहिजे, कारण खुर्चीवरचा तो पाय किती ताणायचा हे त्यावरच ठरते.